एकशे सत्तेचाळिसावी गाठ

त्या वर्षी आम्ही लाळग्रंथींच्या गाठी मोजायला घेतल्या. बारा वर्षांत आमच्या इस्पितळात मोठ्या माणसांच्या तोंडातून, गालातून, जबड्याखालून काढलेली प्रत्येक गाठ पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घालायची, तिचं नाव पक्कं करायचं, आणि कोणत्या वयात, कुठल्या ग्रंथीत, कोणत्या प्रकारची गाठ जास्त येते त्याचा तक्ता मांडायचा, असा बेत होता. बेत माझाच. निवृत्तीला सहा वर्षं उरली होती आणि आपल्या नावावर एखादा धड निबंध असावा असं मला वाटायला लागलं होतं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे रक्त तपासता?" मी हो म्हणून मोकळी होते. खरं तर सर्जन माणसाच्या अंगातून जे कापून काढतात ते माझ्याकडे येतं. तो तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढतात, काचेवर चढवून रंगवतात, आणि ते साधं आहे की वाईट हे मी सांगते. तो तुकडा ज्याचा, तो माणूस मला कधी दिसत नाही. तीस वर्षांत मी हजारो माणसांची पोटं आणि फुप्फुसं पाहिली असतील, चेहरे मोजून दहासुद्धा नाहीत.

मदतीला टाचणी होती. आमच्या विभागातली माझ्याहून वीस वर्षांनी लहान डॉक्टर. अंगाने किडकिडीत आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत, आणि तिलाही ते आवडे. दोघींना एकाच वेळी बघता येईल असा एक जोड-सूक्ष्मदर्शक आमच्याकडे आहे. रोज दुपारी जेवण झालं की आम्ही समोरासमोर बसायचो. ती स्लाइड लावायची, मी बोलायची, ती लिहून घ्यायची.

एकूण दोनशे चौदा गाठी निघाल्या. पहिल्या शंभरात काही नवल नव्हतं. बहुतेक कानापुढच्या मोठ्या ग्रंथीतल्या, चारांतल्या तीन साध्या, पुरुषांपेक्षा बायका किंचित जास्त, वय चाळीस-पन्नासच्या आसपास. एक नियम मात्र पुन्हा पुन्हा खरा ठरत होता. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ वाईट असण्याची शक्यता जास्त. टाळूत, ओठात तिळाएवढ्या ग्रंथी असतात, त्यांच्यातल्या निम्म्या गाठी वाईट निघतात. हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. फळ्यावर लिहिते आणि खाली दोन रेघा मारते.

एकशे सत्तेचाळिसावी गाठ टाळूतली होती. पुरुष, वय एकोणपन्नास, नऊ वर्षांपूर्वीची. रिपोर्टात लिहिलं होतं: साधी गाठ, पूर्ण निघाली आहे, पुढील उपचारांची गरज नाही. खाली माझी सही.

टाचणीने स्लाइड मागे-पुढे सरकवली आणि पुन्हा पहिल्या जागी आणली. 

"मॅडम, ही जरा तुम्हीच बघा."

"काय लिहिलंय रिपोर्टात?"

"लिहिलंय ते दिसत नाहीये," ती म्हणाली.

मी डोळा लावला. पेशींचे पुंजके, आणि त्यांच्यात चाळणीला असावीत तशी गोल गोल भोकं. कडेला एक बारीक नस, आणि तिच्याभोवती दोरा गुंडाळावा तसा पेशींचा वेढा. हा कर्करोग असा नसेला धरूनच सरकतो. हळू, वर्षानुवर्षं, पहिली काही वर्षं तर न दुखवता. पुस्तकात छापावं इतकं स्वच्छ चित्र होतं. आणि त्या नसेशेजारीच, काचेवर, हिरव्या शाईचा ठिपका होता.

काही शंकास्पद दिसलं की आम्ही स्लाइडवर ठिपका देतो, पुन्हा येऊन नीट बघायचं म्हणून. विभागात सगळे काळी शाई वापरतात. हिरवी फक्त मी.

म्हणजे मला दिसलं होतं. मी तिथे थांबले होते, खूण केली होती, आणि मग खुणेकडे न परतताच सही केली होती.

टाचणीने ठिपका पाहिला होता हे तिच्या मानेवरूनच कळत होतं. तिने मान वर केली नाही.

"मेणाचा ठोकळा मागव," मी म्हणाले. "नवे काप काढू. कदाचित स्लाइडची अदलाबदल झाली असेल."

"हो," ती म्हणाली. अदलाबदल झालेली नाही हे दोघींनाही माहीत होतं. चार दिवसांनी नवे काप आले. तेच चित्र.

घरी गेल्यावर मी जुन्या डायऱ्या काढल्या. त्या दिवशी काय झालं होतं ते मला हवं होतं. ताप असेल, कोणी गेलं असेल, माझ्या लेकीचं काही असेल. त्या तारखेखाली दोनच शब्द होते: गॅस सिलिंडर. इस्पितळाच्या नोंदीत पाहिलं तर त्या दिवशी मी अवघ्या अकरा रिपोर्टांवर सही केली होती. एरवी तीस असतात. घाई नव्हती, आजारपण नव्हतं, दुःख नव्हतं. सांगण्यासारखं एकही कारण मला सापडलं नाही.

मी सरांकडे गेले. सर आमचे विभागप्रमुख. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती वर्षं झाली?"

"नऊ."

"मग तो माणूस एक तर बरा आहे, नाही तर..."

"नाही तर काय, सर?"

"नाही तर आता आपल्या हातात काही नाही." चष्मा पुन्हा चढवून ते म्हणाले, "हे बघ, दुरुस्तीचा रिपोर्ट काढ, रेकॉर्डला पाठव, म्हणजे नियमाप्रमाणे झालं. आणि तक्त्यात ती ओळ साध्यातून काढून वाईटात टाक. बेरीज तीच राहते."

सर वाईट माणूस नाहीत. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी दोन महिने माझं काम आपल्या अंगावर घेतलं होतं. मला वाचवावं म्हणूनच ते बोलत होते, आणि मला वाचायचं होतं.

मी दुरुस्तीचा रिपोर्ट लिहिला. रेकॉर्ड विभागाचं उत्तर आठवड्याने आलं: ते सर्जन नोकरी सोडून गेले आहेत, रुग्णाचा फोन बंद आहे, रिपोर्ट फाइलला जोडला आहे. खाली शिक्का. तो शिक्का पाहून मला जे वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आणखी तीन आठवडे असेच गेले. दोनशे चौदा गाठी संपल्या. तक्त्याचा शेवटचा रकाना होता 'पुढे काय झालं'. टाचणी तो भरत होती.

"एकशे सत्तेचाळीसपुढे काय लिहू?"

"माहिती नाही, असं लिही. ज्यांचं कळलं नाही त्यांच्यापुढे लिहिलंसच की."

"त्यांचे पत्ते नाहीत. याचा आहे. फॉर्मवर घराचाही आहे आणि कामाचाही. सुतार आहेत."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली, आणि तिने तो चौकोन रिकामाच ठेवला.

शनिवारी अर्धी सुट्टी असते. मी बसने त्या कामाच्या पत्त्यावर गेले. सायकल दुरुस्तीचं दुकान आणि छापखाना यांच्यामध्ये ती कार्यशाळा होती. दाराची दोन्ही फाळकी सताड उघडी. आत भुश्याचा आणि सरसाचा वास, भिंतीवर रंधे, पटाश्या, करवती ओळीने टांगलेल्या, आणि प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिलीने त्याचा आकार काढलेला, म्हणजे परत ठेवताना चुकायला नको. मी तिथेच थबकले.

"गुण्यामास्तर आहेत का?" माझ्यामागून कोणीतरी विचारलं. छापखान्यातला माणूस होता.

"असतोय की. जातोय कुठे," आतून उत्तर आलं.

गुण्या म्हणजे सुतारांचं काटकोन बघायचं हत्यार. या माणसाला जगात काही तिरकं खपत नसे, म्हणून गल्लीने त्याला ते नाव दिलं होतं. ठेंगणा, जाड भुवयांचा, कानावर पेन्सिल. त्याने मला स्टूल पुढे केलं.

"बसा निर्धास्त. हलणारं स्टूल इथे जन्मालाच येत नाही."

मी बसले. येताना बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. पहिलं वाक्य होतं, 'नऊ वर्षांपूर्वी तुमची गाठ मी तपासली.' तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला एक पेटी हवी होती."

"कशासाठी?"

"काचा ठेवायला. बोटाएवढ्या काचा असतात, उभ्या राहतील अशा."

त्याने कागद पुढे केला, मी त्यावर मापं आणि खाली माझा फोन नंबर लिहिला. तेवढ्यात तो एका खुर्चीच्या पाठीला पट्टी ठोकत होता. चुका, म्हणजे बारीक खिळे, त्याने तोंडात धरल्या होत्या, पण सगळ्या डाव्या कोपऱ्यात. एक सरकून उजवीकडे आली आणि ओठातून खाली पडली. ती पडल्याचं त्याला आवाजावरून कळलं.

मी बघतेय हे पाहून तो म्हणाला, "उजवीकडे टिकत नाहीत. वरचा ओठ बधिर झालाय. दोन वर्षं होतील. आधी गाल ठणकायचा. दातवाल्याने तीन दाढा काढल्या, ठणका आहे तिथेच. मग म्हणाला, नसेचा आजार आहे, गोळ्या घ्या. गोळ्यांनी येते झोप. करवतीपुढे झोपून कसं चालेल? बोटं दहाच आहेत."

"टाळूला कधी काही झालं होतं?" मी विचारून बसले.

"होती ना गाठ. काढली. तपासायलाही पाठवली होती, साधी निघाली. कागद जपून ठेवलाय, ताईच्या कपाटात. आमची ताई म्हणते, जन्मभर चुका तोंडात धरल्यास, म्हणून हे भोग." तो डाव्या बाजूने हसला. उजवी बाजू हलली, पण उशिरा. "तुम्ही डॉक्टर आहात की काय?"

"हो. म्हणजे प्रयोगशाळेत."

"तरीच काचा. पुढच्या आठवड्यात होईल पेटी."

आता बोलायला हवं होतं. तो समोर होता, कोणी घाई करत नव्हतं. मी पर्स उचलली, बरं म्हणाले आणि रस्त्यावर आले. थांब्यापर्यंत चालताना मी स्वतःला सांगत होते की असं एकदम सांगू नये, आधी सर्जनशी बोलावं, स्कॅनची तारीख घ्यावी. सगळं पटण्यासारखं होतं. सोमवारी टाचणीने विचारलं, "गेला होतात का?"

"दुकान बंद होतं," मी म्हणाले.

त्या खोटेपणाची मला आजही त्या स्लाइडपेक्षा जास्त लाज वाटते. स्लाइड चुकली तेव्हा निदान आपण चुकतोय हे मला कळलं नव्हतं.

अकराव्या दिवशी त्याचा फोन आला. पेटी तयार होती. मग जरा अडखळत म्हणाला, "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात म्हणून विचारतो. गालाचा बधिरपणा आता डोळ्याखालपर्यंत आलाय. गोळ्या वाढवू का?"

"वाढवू नका," मी म्हणाले. "मी उद्या येते."

फोन ठेवला आणि पहिल्यांदा टाचणीला खरं सांगितलं. तिने काही ऐकवलं नाही. आमच्या आताच्या सर्जनना फोन लावून दिला, स्कॅनवाल्यांना फोन लावून दिला, आणि दोन्ही तारखा एका कागदावर लिहून माझ्या हातात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी ताईही कार्यशाळेत होती. त्याची मोठी बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, आवाज अजून खणखणीत. दोघंही एकटी, म्हणून एकत्र राहत. तो म्हणे, "ताई माझ्याकडे राहत नाही, मी ताईकडे राहतो. चुकून उलटं म्हणालो तर जेवण मिळायचं नाही." तिने मला चहा दिला. पेटी टेबलावर होती, झाकण लावून. मी पेटीकडे बघितलं नाही.

"मी तुमच्याकडे पेटीसाठी आले नव्हते," मी म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी तुमची गाठ मी तपासली. तुमच्या कपाटातल्या कागदावर माझी सही आहे. ती गाठ साधी नव्हती. कर्करोग होता. मी चुकीचं लिहिलं."

बाहेर सायकलवाला चाकाचे आरे वाजवून बघत होता. 

"बसून बोला," तो म्हणाला. मी बसलेलीच होते. उभा तो होता. मग त्यानेच खुर्ची ओढली.

"म्हणजे दाढा उगाच गेल्या," तो म्हणाला.

"हो."

"आणि हा बधिरपणा त्याचाच."

"बहुतेक त्याचाच. स्कॅन केल्यावर कळेल."

"तेव्हा तुम्ही बरोबर लिहिलं असतं तर?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तराची धार बोथट करायची असं मी ठरवलं होतं. त्याच्याकडे बघून ते जमलं नाही. "तर तेव्हाच मोठं ऑपरेशन झालं असतं, नंतर किरणांचा उपचार. खात्री कोणी दिली नसती. पण त्याला नसेतून पुढे सरकायला एवढी वर्षं मिळाली नसती."

"नऊ वर्षं," तो म्हणाला, जसा एखादा माप पुन्हा मोठ्याने म्हणून बघतो.

ताई आतापर्यंत उभी होती, कपबशी हातात. तिने ती हळूच ठेवली.

"मागच्या वेळी आलात तेव्हा हे माहीत होतं?"

"हो."

"माहीत होतं, आणि पेटीची मापं देत बसलात?"

"हो."

"आणि तुम्हाला हे कळलं कधी?"

"स्लाइड पाहून सहा आठवडे झाले."

"सहा आठवडे," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "इथे हा रात्र रात्र गाल धरून बसतो. मी मीठ गरम करून शेकते. आणि तुम्ही सहा आठवडे... उठा. ती पेटी घ्या आणि उठा इथून."

मी उठले. तो म्हणाला, "ताई, थांब. आधी पुढे काय करायचं ते तर विचारू दे." त्याने कानावरची पेन्सिल काढली. मी टाचणीचा कागद दिला. तो त्याने वाचला, आणि तारखा, वेळ, मजला, डॉक्टर कोणते, हे सगळं पुन्हा स्वतःच्या हाताने एका फळीवर लिहून घेतलं. अक्षर एका रेषेत, सरळ. लिहून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता जा तुम्ही."

पेटी मी घेतली. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

स्कॅनमध्ये दिसलं ते असं: टाळूच्या जुन्या जागेतून गाठ पुन्हा वाढून वरच्या जबड्याच्या हाडात शिरली होती, आणि नसेच्या वाटेने डोळ्याच्या खाली, कवटीच्या तळाजवळ पोहोचली होती. फुप्फुसात तीन बारीक ठिपके होते. ऑपरेशन नऊ तास चाललं. उजवा वरचा अर्धा जबडा काढावा लागला. डोळा वाचला. टाळूच्या जागी पोकळी राहिली, ती झाकायला कवळीसारखी एक पट्टी बनवून दिली. ती बसवली की बोलणं कळतं, काढली की पाणी नाकातून येतं. मग सहा आठवडे किरणं. जो तुकडा निघाला तो तपासायला आमच्याच विभागात आला. मी त्याला हात लावला नाही. टाचणीने तपासला.

ताईने तक्रार केली. करायलाच हवी होती. सरांनी मला खोलीत बोलावून दार लावलं.

"तू स्वतः जाऊन सांगितलंस? कोणाला न विचारता?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"अर्थात नाही म्हणालो असतो! त्याला एक पद्धत असते." ते बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग थकून बसले. "निबंधावरून माझं नाव काढ."

चौकशी समितीत तिघं होते. त्यांनी मला वाट काढून द्यायचा प्रयत्न केला. तुकडा लहान होता ना? या कर्करोगात आणि साध्या गाठीत घोटाळा भल्याभल्यांचा होतो ना? शेकडा काही चुका गृहीतच धरलेल्या असतात ना? तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी म्हणाले, "काचेवरचा हिरवा ठिपका माझा आहे." त्यातल्या एकाने पेन खाली ठेवलं. माझ्या सेवापुस्तकात ठपका नोंदला गेला आणि वर्षभर माझ्या प्रत्येक रिपोर्टवर दुसऱ्या डॉक्टरची सही हवी असं ठरलं. दुसरी डॉक्टर म्हणजे टाचणी. तिने दयामाया दाखवली नाही. पहिल्याच आठवड्यात दोन रिपोर्ट परत पाठवले, आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं.

निबंध छापून आला. त्यात एक वाक्य होतं: टाळूतील एक कर्करोग मूळ रिपोर्टात साधी गाठ म्हणून नोंदवला गेला होता, आणि तो रिपोर्ट या निबंधाच्या पहिल्या लेखिकेचा होता. संपादकांनी दुसरा भाग गाळा असं सुचवलं. मी गाळला नाही. त्याचं मला कोणी कौतुक केलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. निबंधात खरं लिहिणं सोपं होतं. वाचणाऱ्यांपैकी कोणालाही चहाचा कप देऊन माझ्यासमोर बसायचं नव्हतं.

किरणं संपून पाच महिने झाले असतील. फोन वाजला. आवाज नाकातला, अर्धे शब्द हवेत विरणारे. दोनदा विचारल्यावर ओळखला.

"परवा स्कॅनचा रिपोर्ट आहे. तुम्ही या."

"मी?" मी म्हणाले. "तिथले डॉक्टर सांगतील ना सगळं. ते माझ्यापेक्षा..."

"ते एकदा बघतात," तो म्हणाला. "तुम्ही एकदा चुकलात. आता तुम्ही दोनदा बघाल."

मला हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. मी गेले. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी जाते. स्कॅनचे फोटो त्या डॉक्टरांबरोबर बसून बघते, मागच्या वेळच्या फोटोंशेजारी लावून मोजते, आणि बाहेर येऊन त्याला काय आहे ते सांगते. चांगलं असेल तर चांगलं, नसेल तर नाही. एकदा ठिपका वाढला होता तेव्हाही सांगितलं. तो म्हणाला, "हं," आणि विचारलं, "कामाला जाऊ ना?" जा म्हणाले. तो अजून खुर्च्या करतो. फक्त चुका आता डबीत ठेवतो.

एकदा, ताई औषधं आणायला गेली आणि आम्ही दोघंच इस्पितळाच्या बाकावर बसलो असताना, मी त्याला विचारलं की तुम्हाला माझा राग येत नाही का. विचारायला नको होतं. त्यात माझाच स्वार्थ होता.

त्याने पट्टी जिभेने वर दाबून नीट बसवली. "माफ वगैरे मला जमत नाही," तो म्हणाला. "काही वेळा असा संताप येतो की रंधा धरवत नाही. काही वेळा आठ आठ दिवस आठवतही नाही. काय ते अजून ठरलं नाही माझं. ठरलं की सांगेन."

या बोलण्याला चार वर्षं झाली. अजून त्याने काही सांगितलेलं नाही, मी पुन्हा विचारलेलं नाही.

ताई दर वेळी बरोबर येते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसते, पिशवी मांडीवर. माझ्याशी ती बोलत नाही. तिने बोलावं असं मला वाटतं, पण तसं वाटायचा मला हक्क नाही. मागच्या वेळी मी आतून आले तेव्हा तो लघवीला गेला होता. आम्ही दोघी त्या लांब बाकावर दोन टोकांना, मध्ये त्याची रिकामी जागा.  तो परत येऊन मध्ये बसला. मी सांगितलं, "दोन ठिपके आहेत तसेच आहेत. तिसरा मिलिमीटरभर वाढलाय. सहा महिन्यांत एवढं चालतं."

ताई भावाकडे वळली. "तिला विचार, आणि पुढच्या सहा महिन्यांत?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला दिलं. "पुढचं मला माहीत नाही. बघून सांगेन."